बघणाऱ्यांकडे बघणारी

"ताई, आई गेली…" एवढंच मावसभाऊ फोनवर बोलला. मी पुण्यात साड्यांच्या एका शूटवर होते. कॅमेरा खाली ठेवला. यमुनामावशी म्हणजे वेल्ह्यात दिलेली माझ्या आईची धाकटी बहीण. जिच्यापुढे मी जन्मभर अवाक होत आले, ती.

हा मावसभाऊ तान्हा होता तेव्हाची गोष्ट. भातलावणीच्या दिवसांत मावशी बांधावर बसून त्याला पाजत होती. रस्त्यावरून कुणीतरी लांब भिंगातून तिचा फोटो काढला. तिला पत्ताच नाही. तो पुण्यातल्या प्रदर्शनात लागला, ग्रामीण जीवनाचं दर्शन म्हणून नावाजला गेला, आणि गावातल्या एकाने तिथे पाहून गावभर केला. मावशीच्या नवऱ्याने बोलणं टाकलं. मावशी रडत बसली नाही. पोराला कडेवर घेतलं, कॉलेजात असलेल्या मला सोबत घेतलं आणि एसटीने थेट पुणं गाठलं. तिथे आपल्याच फोटोशेजारी पदर सारखा करून ती उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघत राहिली. लोक यायचे, मान तिरकी करून फोटो न्याहाळायचे, मग शेजारी तीच बाई दिसली की काढता पाय घ्यायचे. फोटोग्राफर धावत आले. "अहो ताई, यात केवढी माया आहे बघा तरी!" मावशी म्हणाली, "माया माज्या पोरासाठी व्हती. तुमास्नी कुनी बोलावलं व्हतं?" संध्याकाळच्या आत फोटो उतरला. 

पुढे मी फॅशन फोटोग्राफर झाले आणि घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. एकदा भोरजवळ धरणाच्या काठी शूट होतं, तिथे मी काय करते ते बघायला मावशी हजर! तोकड्या कपड्यांतली मॉडेल बघून आता आपली काही धडगत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात मॉडेलने स्क्रीनवर एक फोटो बघितला, "हा नको" म्हणाली आणि मी तो पुसला.

"ती नगं म्हनली आन् तू पुसलास?"

"आधीच तसं ठरलेलं असतं, मावशी."

मावशी मॉडेलकडे बघत म्हणाली, "लोकं हिला उघडी म्हनत्यात. उघडी तर मी व्हते गं." मॉडेलला कपडे बदलायचे होते, तर आडोशाच्या चादरीचं एक टोक मावशीने स्वतःच धरलं. काठावर जमलेल्या बघ्यांना असा काही दम भरला की सगळे पांगले.

त्याच दिवशी तिने माझ्याकडून स्वतःचे फोटो काढून घेतले. सगळे नीट बघितले आणि एकच ठेवू दिला. "ह्यो घरात लाव. पेपरात न्हाई द्यायाचा. गोष्ट सांग हवी तर. तोंड माजं हाय."

या लेखासाठी पुरवणीकडून तिचा फोटो मागितला गेला. मावसभाऊही म्हणाला, "दे की ताई, आता कोण विचारणार?" मोह झाला. इतका चांगला फोटो मी आयुष्यात दुसरा काढलेला नाही. पण ती 'न्हाई' म्हणाली होती, आणि ते बदलायला आता ती नाही. म्हणून या लेखासोबत फोटो नाही. तो तिच्या माजघराच्या भिंतीवर आहे, थेट दाराकडे बघणारा. ज्यांना बघायचा असेल त्यांनी वेल्ह्याला यावं, आणि उंबऱ्याबाहेरून आधी हाक मारावी.