तीन सेकंदांचा पराक्रम

"सर, मशीन बंद पडली."

"बंद नाही बाई, सुरू झाली! तीन सेकंदांत!"

"मंग चित्रं कुठी गेले?"

भामरागडच्या पुढच्या एका सरकारी दवाखान्यात मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. औषधांचा स्टॉकही सांभाळणाऱ्या नर्स वनिताबाई काळ्या स्क्रीनकडे बघत होत्या.

ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे मशीन आणि माणूस यांच्यातला मॅनेजर. आधीची सिस्टम सुरू व्हायलाच अकरा मिनिटं घ्यायची. मशीन जुनी, मेमरी तुटपुंजी, त्यात स्क्रीनवर क्लिक करायच्या चित्रांचा पसारा. मी नवी सिस्टम टाकली, चित्रं उडवली, माउस उडवला. आता फक्त कमांड टाइप करायची, म्हणजे मशीनला लेखी हुकूम द्यायचा. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. पूल बुडाला की रस्ता बंद. त्याआधी औषधं आणायला आलापल्लीला जीप जाणार होती, आणि मागणीची छापील यादी सोबत नसेल तर तिथे काही मिळणार नव्हतं. सापाच्या इंजेक्शनचा एकच डोस उरला होता.

वनिताबाई एका बोटाने टाइप करू लागल्या. एक टिंब राहिलं. एरर. पुन्हा केलं. पुन्हा एरर.

"किती फास्ट नाई म्हनते मशीन, सर!"

मी कमांडचा कागद पुढे सरकवला. चाळीस ओळी होत्या.

"हे पाठ करू का पेशंट पाहू?"

जुनी सिस्टम परत टाकायची तर दोन तास हवेत. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. खरं सांगतो, मला लाज वाटली.

वनिताबाईंनी ड्रेसिंगची चिकटपट्टी काढली, तिचे तुकडे कीबोर्डच्या सगळ्यात वरच्या, F लिहिलेल्या बटणांवर लावले आणि पेनाने चित्रं काढली. एक डास, मलेरियाच्या गोळ्यांसाठी. एक साप.

"हे गांडूळ आहे का?"

"सापच आहे! बटन दाबलं का औषधाचं नाव आलं पाहिजे. मंग मी आकडा टाकते. बस."

त्या एकेका बटणाला मी एकेक कमांड बांधून दिली. वीस मिनिटांत यादी छापून निघाली. संध्याकाळी खोकी घेऊन जीप परतली. दुसऱ्या दिवशी पूल पाण्याखाली गेला आणि मीही तिथेच अडकलो.

तेव्हापासून नवीन ठिकाणी गेलो की मशीन उघडण्याआधी विचारतो, हे चालवणार कोण? मग त्या माणसाशेजारी अर्धा तास बसून त्याचं काम बघतो. माझ्या ऑफिसातल्या साहेबांना तो टाइमपास वाटतो.