पाणकणसाच्या बांधावरचं गाऱ्हाणं

फुकट मदत करायला येणाऱ्या माणसाचा मला अजून संशय येतो.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि वडील घरीच बसून होते. मुलुंडला आमच्या चाळीमागे एक डबकं होतं, त्यात माणसाहून उंच पाणकणीस माजलेलं. सगळे त्याला नुसतं गवत म्हणत. सुगरणी त्याची पाती चिरून घरट्याला नेत, मुनिया कणसाचा कापूस पळवत, आणि बुडाशी, दाट गचपणात, पाणकोंबडी अंडी घाली. त्या भाद्रपदात तिची काळीकुट्ट पिल्लं नुकतीच बाहेर आली होती. आई भांडी घासता घासता त्यांच्यावर नजर ठेवी. "पोरां उडाक लागांदेत, मगे काय तां करा," असं ती ज्याला त्याला सांगे.

तेवढ्यात सफारी सूट घातलेला एक माणूस यायला लागला. साप होतात, डास होतात, माझी माणसं फुकटात कापून देतील, म्हणे. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटत होतं. पण चाळ सगळी मालवणी. जागेचा राखणदार देव असतो, त्याला न विचारता तिथे कोयता कोण लावणार? त्यामुळे आई निर्धास्त होती.

रविवारी तो नारळ घेऊन आला. डोक्यावर रुमाल, पाय अनवाणी. बांधावर उभं राहून त्याने कापायची परवानगी मागत देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं. वाक्यावाक्याला चाळ "व्हय म्हाराजा" म्हणत होती. एरवी ह्याला आमच्या बोलीतलं अक्षर कळत नसे, मग हे पढवलं कोणी? मी एकेकाचं तोंड निरखत होतो. मध्येच त्याने आंब्यामुळच्या म्हापुरसाला हाक घातली. तो आमच्या गावच्या घराच्या परसातला, आंब्याखालचा देव. चाळीत आमच्या घराबाहेर त्याचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं.

नारळ फुटला तसे लोकांनी आपणहून कोयते उचलले. देवालाच विचारलंय म्हटल्यावर थांबायचं कशाला? दुपारपर्यंत डबकं उघडं पडलं आणि वर घारी फिरायला लागल्या. पिल्लांना लपायला काही उरलं नव्हतं. आई दारात उभी राहून बघत होती.

जेवताना ती वडिलांना म्हणाली, "म्हापुरसाचा नाव तेका तुमीच सांगितल्यात ना?"

वडील भात कालवत राहिले. मग म्हणाले, "डबक्यात मातयेची भरणी झाली की तो माका थंय वॉचमन ठेवतलो. संपापासून तू काय शिजयतंस, तां मी बघतंय."

मला त्यांचा संताप आला. आईने आपल्या पानातला भात त्यांच्या पानात सारला आणि हात धुवायला उठली.