आमच्या साडूंची मांडणी

कामाची तयारी आमच्या साडूंइतकी कसून करणारा माणूस पुणे शहरात दुसरा नाही. पुण्याबाहेर कुणी असलाच, तर तो अजून कामाला लागलेला नसणार. शहराच्या कडेला, मांजरी गावात, उसाच्या शेतांना लागून नव्या इमारती उठल्या आहेत, त्यांपैकी एकीत ते राहतात. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, जवळच्याच एका जमिनीच्या तुकड्यावर गुलाबाची कलमं करून विकते. त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीने माणसं कमी केली त्यात साडू घरी बसले, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "अहो, आता वेळ आहे तर माझ्या कलमांची वेबसाइट करून द्या." साडूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मांडणीला बसले.

मांडणी हा त्यांचाच शब्द. प्रोग्राम लिहायचा तर सगळी हत्यारं हाताशी हवीत, हे कुणीही मान्य करील. साडू त्याची सुरुवात टेबलापासून करतात. उजेड डावीकडून हवा म्हणून टेबल बेडरूममध्ये गेलं आणि पलंग हॉलमध्ये आला. पाहुणे आता पलंगावर बसून चहा घेतात. मग कॉम्प्युटरच्या पडद्याचे रंग. काळ्यावर पांढरी अक्षरं डोळ्यांना टोचतात, पिवळसर केली तर मन उदास होतं, हिरवी कंपनीची आठवण करून देतात. मग अक्षरांचं वळण, कारण शून्य आणि ओ वेगळे दिसले नाहीत तर घात होतो. एवढं जमून येईपर्यंत कुठल्यातरी साधनाची नवी आवृत्ती निघते, ती घेतली की जुनी साधनं तिच्याशी जुळवून घेत नाहीत, आणि साडू सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "पाया कच्चा राहिला तर वरचं काय कामाचं," एवढंच म्हणतात.

मी नारायण पेठेत राहतो. एकदा पाणी येत नाही म्हणून सोसायटीला पत्र लिहायला बसलो, तर लॅपटॉप हटून बसला. तो साडूंकडे नेला. परत मिळाला तेव्हा त्यात जगातली सगळी साधनं होती, फक्त अर्धवट पत्र नव्हतं. "पत्र काय, आता कधीही लिहा," साडू म्हणाले. तोवर पाणी आलं होतं.

गुलाबाचा हंगाम आला आणि गेला. शेवटी न राहवून मी म्हटलं, "अहो, निदान एक पान तरी लिहा."

साडूंनी पडदा पुसायचं फडकं खाली ठेवलं. "मांडणी चाललीय तोवर मी कामावर आहे," ते म्हणाले. "पहिली ओळ लिहिली आणि ती चालली नाही, तर कंपनीने केलं ते बरोबरच होतं."

मला फार वाईट वाटलं. तसाच उठून मेहुणीकडे गेलो. ती कलम बांधत होती. वेबसाइट दुसऱ्या कुणाकडून करून घे, असं मी तिला सुचवलं.

"फोनवर येतात त्याच ऑर्डरी मला झेपत नाहीत, भावोजी," ती म्हणाली. "वेबसाइट कशाला हवीय मला? सकाळी शर्ट घालून ते टेबलाशी बसतात ना, ते हवंय."

आणि परवा अघटित घडलं. कुठलीशी नवी आवृत्ती उतरवून घेणं चाललं होतं. तोवर हात रिकामे, म्हणून साडूंनी साध्या नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या. गुलाबाचा फोटो, बायकोचं नाव, फोन नंबर. सुदैवाने मी तिथेच होतो. त्यांनी मेहुणीला बोलावलं आणि आम्हाला पान उघडून दाखवलं. चाललं.

साडू उभे राहिले. क्षणभर चेहरा उजळला, आणि मग हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. ते हळूहळू कीबोर्ड फडक्यात गुंडाळायला लागले. "झालं म्हणायचं," ते म्हणाले. इतका रिकामा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मेहुणी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. "पण माझी निम्मी गिऱ्हाइकं हिंदी बोलणारी. त्यांनी काय वाचायचं?"

साडू थांबले. "हिंदीत करायचं तर मांडणी पहिल्यापासून बदलावी लागेल," ते गंभीरपणे म्हणाले.

"बदला की. मला घाई नाही," मेहुणी म्हणाली, आणि माझ्या नजरेला नजर न देता कलमांना पाणी घालायला निघून गेली.