बिडी कारखान्याची बुटकी खिडकी

भावाने बंद पडलेला बिडी कारखाना राहायला घेतला, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. केशोरीच्या रस्त्यावरची पक्की इमारत, जाड भिंती, मागे विहीर. तेंदूपानांच्या गोदामाची बैठक झाली. तंबाखूच्या खोलीत स्वयंपाकघर झालं. कितीही चुना मारला तरी तिथला वास काही जाईना.

वास्तुपूजेच्या आदल्या दिवशी मी पोचले आणि माझं डोकंच फिरलं. मायसाठी काढलेल्या खोलीत त्याने बिड्या घ्यायची ती बुटकी खिडकी तशीच ठेवली होती. गज घासून, पॉलिश मारून, वर पिवळा दिवा! "अँटिक पीस आहे, लोक थांबून पाहतात," म्हणे.

लोक पाहतात! आमच्या मायने जन्मभर त्या खिडकीबाहेर कमरेत वाकून बिड्या दिल्या. आतला मुनीम गादीवर बसायचा, म्हणून खिडकी त्याच्या हाताच्या उंचीची. तो बिड्या दाबून बघायचा आणि मूठभर 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. खराब म्हणून त्यांची मजुरी नाही, आणि बिड्याही परत नाहीत. त्याच बिड्या मागून विकल्या जातात हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण बोलणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी बिड्या वळायला पानं मिळत नसत, म्हणून माय गप्प राहायची.

"दिवा कायले लावला तिथं? लाज नाही वाटत तुले?" मी भावावर ओरडले.

"तू काऊन चिडून राहिली? मायचीच आठवण आहे ना ते. तिचंच घर आहे."

तिचंच घर! तिला विचारलं होतं का कोणी? तिचं भाड्याचं जुनं घर तर त्याने आधीच सोडून टाकलं होतं आणि तिला मामाकडे ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी माय मामाकडून आली, बाहेरूनच खिडकी पाहिली आणि अंगणात बसली. पूजा आटोपली, पंगत बसली, तरी आत पाय ठेवेना. भाऊ विनवण्या करू लागला. तिने जेवायला बसलेल्या मिस्त्रीला हाक मारली.

"मिस्त्री, जेवण झालं की ते खिडकी फोड. खालपर्यंत. दार कर तिथं, मी त्याच्यातून उभी आत जाईन."

मिस्त्री भावाकडे पाहू लागला.

"उद्या पाहू ना माय," भाऊ पाहुण्यांकडे बघत हळूच म्हणाला.

"तं मीबी उद्याच आत येईन," माय म्हणाली आणि साऱ्या पंगतीसमोर अंगणातच आडवी झाली.