हळदीच्या हातांची भिंत

परवा शेजाऱ्याने जेसीबी लावून जुना कोठा पाडला, तशी जुन्या मातीची कोरडी धूळ नाकात गेली आणि मले लढाईच्या साली सरहद्दीवर पाहिलेले गाव आठवले. ठेकेदाराने आम्हा लाखांदूरकडच्या गड्यांले तिथे सडकेच्या कामावर नेले होते. शत्रूच्या विमानांनी बॉम्ब टाकून बाजारामागची गल्ली मातीत मिळवली, अन् दुसऱ्या दिवशी आम्हाले ढिगारे उपसायले लावले. जळक्या लाकडाचा वास घशात बसत होता. एका घराची एकच भिंत उभी होती. तिच्यावर नव्या सुनेच्या हळदीच्या हातांचे ठसे होते. सून त्या बॉम्बातच गेली, तिले आदल्या दिवशीच जाळून आले होते. सासू भिंतीजवळ बसलेली. "ये तो रहेगी ना, बेटा?" तिने विचारले. "रहेगी," मी म्हणालो. माझा सोबती म्हणाला, "काहून खोटं बोलून राहिला बे? तडा पाह्य केवढा!" "गावाकडे मातीच्या भिंती म्या बांधल्या, तुह्या बापानं नाही," मी म्हणालो. आमच्याकडे मातीत धानाचे तणस कालवतात. तिथे गव्हाचा भुसा मिळाला. तडा भरला, दोन लाकडी बल्ल्यांचा टेका दिला. लिपण ओले होते तोच एक विमान अगदी खालून गेले. आपलेच होते, लोक हात हलवून ओरडले. त्या आवाजानेच भिंत बसली. म्हातारीले आम्ही ओढून काढले. धूळ खाली बसल्यावर ती एवढेच म्हणाली, "तूने तो कहा था." लिपण माझे बरोबर होते, हे मी आजही सांगतो. पण कोणी आपली भिंत दाखवून टिकेल का विचारले, तर उत्तर न देता उठतो.