अण्णांची कॅसेट

उदगीरच्या स्टँडवर एसटी सुटायच्या बेतात असताना अण्णांनी खिडकीतून माझ्या हातात एक कॅसेट कोंबली. "कागद नगं धाडू. मास्तरकडून वाचून घ्यावा लागतो, मग घरातलं गावभर होतं. ह्याच्यात बोल." एवढं सांगून माझा बाप मागे न बघता निघून गेला. मला राग आला. निरोप द्यायची ही काय रीत झाली?

पण कॅसेट चालली. काकांच्या टेपवर अण्णा बोलायचे आणि गावाकडून येणारं कुणीतरी ती चिंचवडजवळच्या थेरगावातल्या आमच्या खोलीवर आणून द्यायचं. मी ऐकायचो, तिच्यावरच माझं उत्तर भरायचो आणि परत पाठवायचो. बापाचा आवाज पुसून मुलाचा, मुलाचा पुसून बापाचा. दुसरी कॅसेट घ्यावी, असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासारखे जे गाव सोडून आले, त्यांना हे ओळखीचं वाटेल.

चिंचवडच्या एका कंपनीत मी प्रेसशॉपला लागलो. पत्र्यावर दिवसभर घाव पडायचे. बोलायचं ते खुणांनी. सुटल्यावरही कान वाजत राहायचे, पण माझ्या बोलण्याची नक्कल करून हसणारे मात्र त्या कानांनाही बरोबर ऐकू यायचे. अशात पिंपरीच्या कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात एका विलायती बँडची रेकॉर्ड कानावर पडली. दुकानदार म्हणाला, "ह्यांच्या आधीच्या रेकॉर्डींना कोण विचारत नव्हतं, राव. हिनंच नशीब काढलं." इंग्रजी सगळं डोक्यावरून गेलं. पण ती गिटार, तो ढोल, तो गळा फाडून ओरडणारा माणूस! मला जे कुणावर ओरडता येत नव्हतं, ते तो ओरडत होता. मी खोलीवर जाऊन अण्णांची कॅसेट आणली आणि ती गाणी भरून घ्यायला दुकानदारापुढे ठेवली. आठवडाभर ऐकू, मग वरून आपलं बोलणं भरू, असा विचार केला होता.

आठवड्याचे दोन महिने झाले. ओव्हरटाइम होता, हे खरं. उत्तर द्यायचं जिवावर आलं होतं, हेही खरं, कारण अण्णांचं एकच पालुपद असायचं: कधी येतोस?

एक दिवस शिफ्टवरून आलो तर टेपमध्ये कॅसेट नव्हती. खोलीतला प्रभाकर आमच्याच तालुक्यातला. माझं उत्तर भरून झालं असेल असं समजून सुट्टीवर जाताना तो नेहमीसारखी ती घेऊन गेला होता, भल्या मनानेच.

परत आल्यावर त्याने सगळं सांगितलं. अण्णांनी मायला आणि काकांना बोलावून टेप लावला. मी कधी बोलतो म्हणून ते टेपला कान लावून पूर्ण बाजू ऐकत राहिले. गाणी संपली आणि उरलेल्या फितीवर त्यांचाच जुना आवाज आला, "...यायला जमंना तर आवाज तरी धाड, लेका." काका हसले म्हणे. अण्णा हसले नाहीत. "कंपनीत लई गोंगाट हाय. लेकरू वरडून सांगतंय, पण काय कळंना," एवढंच म्हणाले.

मग प्रभाकरने पिशवीतून एक पुडी काढली. सरकी काढून साफ केलेला गावचा कापूस. अण्णांनी कानात घालायला दिला होता.

मी तो घातला नाही. खात्यातली पोरं हसली असती. अण्णांना खरं काय ते सांगितलंही नाही. आधी लाज वाटली, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आता माझा डावा कान कामातून गेलाय, उजवा जेमतेम चालतो.

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी थेरगाव सांगतो. गावात आपलं म्हणावं असं कुणी उरलं नाही. खरं तर त्या गोंगाटात माझा आवाज शोधणारा माणूस होता, तोवरच मला घर होतं. पुडी अजून कपाटात आहे. अण्णांचं चुकलं नव्हतं. लेकरू ओरडतच होतं.