मामाजींचा एका गंजातला भात

भंडारा जिल्ह्यात देवाचं राज्य येईल ते एस.टी.नंच येईल आणि येताना मोहाडीला थांबेल, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी पाहिला. तो माझ्या धाकट्या बहिणीचा सासरा. बहीण त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही मामाजीच म्हणते. उभा जन्म त्यांनी कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं खेळवतात, गुडघ्यांना तेल चोळतात. मामाजींनी मात्र रविवारच्या शाळेत शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं मनावर घेतलं. आमच्या ख्रिस्ती मंडळ्या लहान आणि गावोगाव विखुरलेल्या, कुठं दहा घरं, कुठं सहा. शिकवणारे म्हणजे कुणी गवंडी, कुणी नर्स, कुणी माझ्यासारखी शिलाई मशीनवाली. बायबलातली गोष्ट वाचून दाखवायची आणि शेवटी "समजलं ना?" म्हणून पोरांवर डोळे वटारायचे, एवढंच आम्हाला येत होतं. मोठ्या शहरातलं प्रशिक्षण आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. "मंग इथंच करू," मामाजी म्हणाले, आणि धान घरात आल्यावर वर्षातून एक दिवस मोहाडीच्या पत्र्याच्या चर्चमध्ये शिबिर भरू लागलं.

शिबिराचा कार्यक्रम ते विषय पाहून आखत नसत, गाड्यांच्या वेळा पाहून आखत. नाकाडोंगरीवाले तुमसरला गाडी बदलून येणार, म्हणून आरंभीची प्रार्थना लांब. सानगडीच्या दोघी बाया साकोलीहून भंडारा आणि भंडाऱ्याहून मोहाडी असं करत येणार, म्हणून त्या दारात दिसेपर्यंत मुख्य विषयाला हात लावायचा नाही. एकदा नागपूरहून आलेले वक्ते तासभर खोळंबून बसले होते. त्यांनी घड्याळ दाखवलं तेव्हा मामाजी शांतपणे म्हणाले, "त्या दोघी येऊन राहिल्या ना साहेब. लाखनी सोडली असंन त्याहीनं." आणि त्यांनी पाचवं गीत सांगितलं. वक्त्यांना ते पाठ नव्हतं, पण दुसरा इलाज नसल्यामुळे त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

चर्चमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी सुतळी ताणली होती आणि टोकाला पितळी घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. कुणी पाल्हाळ लावलं की एक टोला पडायचा, मग बोलणारा कुणीही असो. एकदा जेवणाआधी आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना देशोदेशीच्या राजांपर्यंत पोहोचली. टण. पाळकसाहेबांनी डोळे न उघडता राजांना तिथंच सोडलं आणि आमेन म्हटलं. पुढं कितीतरी दिवस ते मामाजींशी जेवढ्यास तेवढं बोलत होते.

पण मामाजींची खरी शाळा दुपारी भरायची. आम्ही एकेकानं कागद न घेता गोष्ट सांगायची, आणि ते स्वतः चटईवर मांडी घालून वर्गातलं सगळ्यात खोडकर पोरगं व्हायचे. मी नोहाचं तारू सांगत होते. "बाई, तारवात वाघ काय खाये?" त्यांनी बोट वर करून विचारलं. मी काहीतरी गवताचं सांगून वेळ मारून नेली. सगळे हसले, मामाजी हसले नाहीत. नंतर जवळ येऊन म्हणाले, "ताई, माहीत नाही म्हणायले लाजू नका. लेकराले लबाडी आपल्यापेक्षा लवकर समजते. आन ते फक्त तोंडासमोर बसलं असंन तरच आपल्याले दिसते, का ते समजलं म्हणून." त्या दिवसापासून मी थोडीफार शिकवू लागले, असं मी मानते.

शिबिराची फी म्हणजे घरचा शेरभर तांदूळ आणि आपलं ताट. पहिल्याच वर्षी मामाजींनी सगळ्यांचा तांदूळ एकाच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतला. आमचा जिल्हा धानाचा. कुणी यंदाचा नवा तांदूळ आणलेला, कुणी दोन वर्षं मुरलेला जुना. नव्याला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त, हे इथल्या शाळकरी पोरीलाही कळतं, पण घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. झाकण काढलं तर अर्धा भात गाळ, अर्धा कच्चा. स्वयंपाकाच्या बायांनी पदर तोंडाला लावला. मामाजींनी भाताचं ताट उचललं आणि सगळ्यांसमोर धरलं. "पाहा बापा. चार वर्साचं लेकरू आन चौदा वर्साचा पोरगा आपण एकाच चटईवर बसवतो, एकच गोष्ट सांगतो. मंग असं होते." तोच त्या दिवसाचा सगळ्यात चांगला धडा ठरला. पुढल्या वर्षी आम्ही शहाणपणानं जुना-नवा वेगळा काढू लागलो, तर ते रागावले. नव्यानं आलेल्यांना धडा कसा कळणार, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून दरवर्षी आम्ही जाणूनबुजून तो भात बिघडवला आणि मिटक्या मारत खाल्ला.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर. त्या वर्षी आमच्या समितीनं शिबिर मोबाईलवर घेतलं. खर्च नाही, प्रवास नाही. पडद्यावर नावं दिसत होती, चेहरे तीन की चार. सानगडीच्या दोघींना रेंजच मिळाली नाही. संध्याकाळी मामाजींचा फोन आला. "भात कसा झाला?"

"ज्यानं त्यानं आपापल्या घरी खाल्ला, मामाजी."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढं काही महिन्यांतच सानगडीची रविवारची शाळा बंद पडल्याचं कानावर आलं. मला मामाजींची अशी आठवण येऊ लागली की मशीनवर बसलं तरी सुई जागच्या जागी थांबायची.

यंदा मी समितीपुढं उभी राहिले. "फोनवर फुकटात होते, तर कायले जावाचं?" समितीवाल्यांनी विचारलं. मी फक्त वहीत लिहून आणलेल्या गाड्यांच्या वेळा वाचून दाखवल्या. पाळकसाहेबांनी वही मागून घेतली, वेळा पुन्हा एकदा वाचल्या. मग म्हणाले, "घंटी माझ्याजवळ आहे. जपून ठेवली."

शिबिर झालं. सानगडीच्या दोघी पावणेबाराला दारात दिसल्या तेव्हा आमचं सहावं गीत चाललं होतं. त्या दोघींनी परत शाळा सुरू करतो म्हणून कबूल केलं. दुपारी चटईवर खोडकर पोरगं व्हायला मात्र कुणी पुढं येईना, ती जागा तशीच मोकळी राहिली. चार वाजता मी पुण्याला फोन लावला.

"भात कसा झाला?"

"अर्धा गाळ, अर्धा कच्चा."

पलीकडं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजला. टण, टण.

मी डोळे पुसले, फोन पिशवीत टाकला आणि सानगडीच्या बायांना भंडाऱ्याच्या गाडीत बसवून द्यायला निघाले.